मूल यायला तयार नसेल, तर आईबाबांनी जावं

"तो यायलाच तयार नाही हो, मग आम्ही काय करणार?" गेल्या तीन वर्षांत हे वाक्य मी आपल्याच ओळखीच्या चार घरांतून ऐकलं. मुलगा किंवा मुलगी बारा ते सतरा वर्षांची. कुणी महिनोन्महिने शाळेत गेलेलं नसतं, कुणी घरच्यांबरोबर जेवायला बसत नाही, कुणी रात्रभर जागून दिवसभर झोपतं. आईबाबांनी कुठून तरी डॉक्टरांचा नंबर मिळवलेला असतो, कधी वेळही घेतलेली असते. मूल म्हणतं, "मैं पागल हूँ क्या?" आणि गाडी तिथेच अडते.

ती तिथे अडून राहायची गरज नाही, एवढंच या लेखात सांगायचं आहे. मुलाला न नेता आईबाबा स्वतः जाऊ शकतात, काही गोष्टी शिकून येऊ शकतात, आणि त्याने मुलात फरक पडू शकतो. हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाही, याची रीतसर चाचणी झालेली आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण आमच्याच कुटुंबातल्या एका मुलामुळे वर्षभर या विषयावर मिळेल ते वाचलं, जाणकारांना प्रश्न विचारून भंडावलं, आणि त्यातलं जे आपल्या घरांना उपयोगी वाटलं ते इथे मांडतोय.

आधी हे किती घरांत आहे ते पाहू. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बारा राज्यांतल्या या पाहणीत महाराष्ट्र नव्हता, पण आपलं मध्य प्रदेश होतं आणि बडोदेकरांचं गुजरातही होतं. १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात साधारण तीन. आपल्या गणेशोत्सवात नाटकाच्या तालमीला जितकी मुलं येतात, त्यातही एखाद-दुसरं असणारच. आपण ते ओळखत नाही, कारण आपला समाज लहान, सगळे एकमेकांना ओळखतात आणि म्हणूनच जो तो झाकून ठेवतो. "पुढे लग्नाला अडचण येईल" हे मी तेरा वर्षांच्या मुलीबद्दल ऐकलंय.

आता त्या चाचणीबद्दल. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एली लेबोविट्झ नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. चिंतेचा विकार असलेल्या मुलांच्या पालकांसाठी त्यांनी एक शिक्षणक्रम तयार केला, त्याचं नाव 'स्पेस'. २०२० साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात ७ ते १४ वयाची १२४ मुलं होती. एका गटातल्या मुलांना सीबीटी म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणारी नेहमीची उपचारपद्धती दिली. त्यात मूल स्वतः थेरपिस्टसमोर बसतं. दुसऱ्या गटात थेरपिस्ट मुलांना भेटलेच नाहीत, फक्त आईबाबांना भेटले. बारा आठवडे, आठवड्याला एक भेट. शेवटी मोजमाप केलं तेव्हा आईबाबांना शिकवलेल्या गटातली मुलं सीबीटीच्या गटापेक्षा मागे राहिलेली नव्हती.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसेना. मुलाला हात न लावता मूल कसं सुधारेल? पण त्यामागचं कारण समजलं की ते अगदी आपल्या घरातलं वाटतं. घाबरणाऱ्या मुलाभोवती सगळं घर हळूहळू वाकत जातं. अंधाराची भीती वाटते म्हणून आई त्याच्या खोलीत झोपू लागते. पाहुण्यांसमोर बोलता येत नाही म्हणून बाबा त्याच्या वतीने उत्तरं देतात. जंतूंची भीती म्हणून घरात साबणाच्या वड्या दुप्पट लागतात. यातलं प्रत्येक पाऊल मायेनेच उचललेलं असतं आणि त्या क्षणी त्याने मूल शांतही होतं. मात्र दर वेळी मुलाला एकच निरोप पोचतो, की ही भीती खरीच मोठी आहे आणि आईबाबा मधे पडल्याशिवाय मला ती पेलणार नाही. या सांभाळून घेण्याला कात्री लावायला 'स्पेस' शिकवतं. मूल सहकार्य करो वा न करो, आईबाबांचं वागणं तर आईबाबांच्या हातात असतं. सगळी युक्ती इथे आहे.

आमच्या घरातलं उदाहरण ताईच्या परवानगीने सांगतो. ताई म्हणजे माझी चुलत बहीण, इंदूरलाच एका बँकेत आहे. तिचा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. आईला काहीतरी होईल, अपघात होईल, अशी भीती त्याच्या डोक्यात बसली. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन फोन यायचे, "आई, तू ठीक आहेस ना?" मग ते वाढत गेले. मी तिला कॉल लॉग मोजायला सांगितलं, तर एका बुधवारचे तेवीस निघाले. काउंटरवर गिऱ्हाईक उभं आणि ही टेबलाखाली फोन धरून "हो रे राजा, बरी आहे." भाओजींनी बाहेरगावची कामं सोडून दिली. आजी त्याच्या खोलीत झोपू लागली. शाळेतल्या सरांनी ऑफिसमधून फोन करू द्यायला सुरुवात केली, आणि शेवटी शाळाच सुटली. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं नाव काढलं की दार आतून बंद.

मग ताई आणि भाओजी दोघंच एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाऊ लागले. त्यांनी पहिले दोन आठवडे काहीच बदलू दिलं नाही, फक्त वहीत लिहायला लावलं: त्याच्या भीतीपायी आपण दिवसभरात काय काय करतो. ताईची यादी दीड पान भरली. त्यातली एकच गोष्ट निवडायची होती. त्यांनी फोन निवडले.

पुढची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि ती एका वाक्याची आहे. त्या वाक्यात दोन भाग लागतात. पहिला, तुला त्रास होतोय हे मला कळतंय. दुसरा, तू तो सोसू शकशील याची मला खात्री आहे. "तुला खरंच खूप भीती वाटते, मला दिसतंय. आणि तू तिच्यातून निभावून जाशील, हेही मला माहीत आहे." ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्या घरांत काय होतं बघा. दुसरा अर्धा भाग बाबांकडे असतो: "काही होत नाही, इतकं काय घाबरायचं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं." पहिला अर्धा आईकडे: "नको जाऊस हो बाळा, राहा घरी." मग दोघं एकमेकांशी भांडतात, तू त्याला डोक्यावर बसवतेस आणि तुम्ही त्याच्यावर ओरडता. मुलाला एका तोंडून पूर्ण वाक्य कधी ऐकायलाच मिळत नाही. ताई आणि भाओजींनी ते आरशासमोर म्हणून पाठ केलं. हसू आलं त्यांना. सायकॉलॉजिस्टनी विचारलं, तुमचा मुलगा भांडतो कोणत्या भाषेत? ताई म्हणाली, हिंदीत. आमच्याकडे लाड मराठीत होतात आणि भांडणं हिंदीत. मग वाक्यही हिंदीत बसवलं.

योजना त्याला आधी सांगायची असते, धाकदपटशा न करता, शक्यतो लिहून. ताईने चिठ्ठी लिहिली: मी तुला रोज एक वाजता आणि चार वाजता स्वतः फोन करीन, मधले फोन उचलणार नाही, तुझ्यावर रागावून नाही, तर तू हे करू शकतोस असं आम्हाला वाटतं म्हणून. त्याने चिठ्ठी फाडली. तीही अपेक्षा ठेवायला सांगितलेलीच होती. चिठ्ठी वाचली जाणं पुरेसं, पटणं गरजेचं नाही.

पहिला आठवडा भयंकर गेला. फोन कमी होण्याऐवजी चाळीसपर्यंत गेले. आमच्याकडे सिस्टिमची जुनी सवय मोडली की आधी सगळे अलार्म एकदम वाजतात, तसंच ते. बहुतेक पालक नेमके याच आठवड्यात माघार घेतात आणि "उपयोग होत नाही" असं ठरवतात. ताई टिकली, पण तिसऱ्या आठवड्यात फोन एकदम थांबले तेव्हा तिलाच संशय आला. चौकशी केली तर तो आता आजीला विचारत होता, आणि आजी दर अर्ध्या तासाने "अरे आत्ताच बोलले मी तिच्याशी, बरी आहे ती" म्हणत होती. बोललेली नसायची. पाश्चात्य पुस्तकांत आई आणि बाबा असे दोनच पात्रांचे खेळ असतात. आपल्याकडे आजी, आत्या, वरच्या मजल्यावरचे काका, सगळ्यांना शिकवावं लागतं. पुढच्या भेटीला आजी गेली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, तिने थेट विचारलं, "म्हणजे मी त्याला घाबरू द्यायचं?" उत्तर मिळालं: तो घाबरेल तेव्हा तुम्ही त्याच्याजवळ बसा, डोक्यावरून हात फिरवा, वाटलं तर रामरक्षा म्हणा. फक्त 'ती बरी आहे का' या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. आजीने ते सगळ्यांपेक्षा चांगलं पाळलं.

अडीच-तीन महिन्यांत फोन ठरलेल्या दोनांवर आले. शाळा आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. सहलीला तो अजून गेलेला नाही. आणि मधे एकदा, ताई तापाने आजारी पडली तेव्हा, सगळं पंधरा दिवस मागे गेलं होतं. बरं झालं म्हणजे रेष सरळ वर गेली असं कुठेच होत नाही.

या पद्धतीत आणखी एक भाग आहे, तो आपल्या लोकांना सर्वांत जड जातो. घराबाहेरच्या काही विश्वासातल्या माणसांना सांगायचं, आणि त्यांनी मुलाला कळवायचं की तू काय झेलतोयस ते आम्हाला माहीत आहे, आम्ही तुझ्या बाजूने आहोत. ताईच्या मुलाला असा मेसेज मी केला होता. त्याने उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी क्रिकेटच्या स्कोअरबद्दल काहीतरी पाठवलं. ही कल्पना 'स्पेस'मध्ये तेल अवीवच्या हाइम ओमेर यांच्या कामातून आली. लेबोविट्झ यांनी त्यांच्याबरोबर पुस्तकही लिहिलंय. घरात आक्रमक होणाऱ्या, स्वतःला इजा करणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी ओमेर यांनी जी रीत तयार केली, तिचं नाव 'अहिंसक प्रतिकार' आणि तिची मुळं त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहात शोधली. मागे हटायचं नाही, हात उगारायचा नाही, अपमान करायचा नाही, आणि लपवायचंही नाही. साबरमतीची गोष्ट तेल अवीव आणि येल फिरून इंदूरला आमच्या ताईच्या घरी आली, याची मला अजून गंमत वाटते.

आता एक मोठी अट. हे सगळं चिंता आणि भीतीच्या विकारांसाठी आहे. मूल उदास असेल, ज्यात आनंद वाटायचा ते सगळं सुटलं असेल, आठवडेच्या आठवडे झोप-जेवण बिघडलं असेल, मरणाची भाषा करत असेल किंवा हातावर ओरखडे दिसले असतील, तर फोन बंद करणं, आधार काढून घेणं असलं काही स्वतःच्या मनाने सुरू करू नये. तिथे क्रम उलटा आहे. आधी सुरक्षितता, मग बाकीचं. आणि त्यासाठी पालकांना वेगळं काही शिकावं लागतं, ज्याला मानसिक प्रथमोपचार म्हणतात.

हा अभ्यासक्रम २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर या परिचारिका-शिक्षिकेने आणि त्यांचे पती, संशोधक अँथनी जॉर्म यांनी सुरू केला. साधा विचार होता: हाड मोडलं, भाजलं तर काय करायचं याचे वर्ग असतात, मग मन मोडलं तर का नसावेत? २००७ मध्ये किशोरवयीन मुलांच्या आसपासच्या मोठ्या माणसांसाठी त्याची वेगळी आवृत्ती निघाली, आणि पुढे तो अनेक देशांत गेला. त्यात रोगनिदान शिकवत नाहीत. जवळ कसं जायचं, ऐकायचं कसं, धोका आहे का हे कसं पाहायचं आणि तज्ज्ञापर्यंत कसं पोचवायचं, एवढंच.

त्यातली सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे सरळ विचारणं. मराठीत आपण या शब्दाला वळसा घालतो. 'बरंवाईट करून घेणं', 'टोकाचं पाऊल', 'काही वेडंवाकडं'. आई विचारते, "तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?" या प्रश्नात 'नाही' हे उत्तर आधीच भरलेलं आहे, मूल तेच देतं. प्रश्न असा हवा: "तुला मरून जावंसं वाटतं का? आत्महत्येचा विचार मनात येतो का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसेल ही भीती सगळ्यांना असते, पण यावर झालेल्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट, कुणीतरी तो शब्द उच्चारला यानेच अनेकांना सुटल्यासारखं वाटतं. हे वाक्य वाचून येत नाही. मोठ्याने म्हणून पाहावं लागतं, नवऱ्याने बायकोसमोर, बायकोने नवऱ्यासमोर. मी म्हणून पाहिलं. रिकाम्या खोलीतसुद्धा घसा कोरडा पडतो.

उत्तर 'हो' आलं तर? "आमचा विचार केलास का?" हे विचारायचं नाही. त्या मुलाला आधीच आपण ओझं आहोत असं वाटत असतं, त्यात भर पडते. सांगितलंस ते बरं केलंस, असं म्हणायचं, आणि काही ठरवलं आहे का हे विचारायचं. एकटं सोडायचं नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण ते मोडावंच लागतं. "ज्यांना सांगितल्याने तुला मदत होईल त्यांनाच सांगेन" असं म्हणावं. घरातली औषधं त्याच दिवशी कुलपात जायला हवीत. आपल्याकडे आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचा डबा फ्रिजवर उघडा असतो, तो विशेषकरून. आणि त्याच दिवशी डॉक्टर.

पोलीस केस होईल म्हणून काही घरं दवाखान्यात जायला घाबरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे, असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा करता येत नाही. तेव्हा त्या भीतीपायी एक तासही घालवू नये.

जायचं कुठे? पहिली पायरी म्हणून १४४१६ हा टेली-मानस चा क्रमांक. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू केली, चोवीस तास चालते, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. फोन मुलानेच करायला हवा असं नाही, आईबाबाही करू शकतात. सरकारी रुग्णालयं आपल्या प्रत्येक मोठ्या केंद्रात आहेत: इंदूरला बाणगंगा, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा, बडोद्याला कारेलीबाग. आपल्याकडे ही नावं फक्त चिडवायला वापरतात, "बाणगंगा भेज देंगे", पण तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो आणि तपासून घरी परत येता येतं. गोव्याच्या वाचकांना 'संगाथ' ही संस्था जवळची. १९९६ पासून ती काम करते आणि डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून त्यांच्याकरवी समुपदेशन देण्याचे तिचे प्रयोग जगभर वाचले जातात. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांची 'आयपीएच' आहे.

'स्पेस' शिकलेला थेरपिस्ट आपल्या गावात मिळेलच असं नाही. लेबोविट्झ यांचं पालकांसाठीचं 'ब्रेकिंग फ्री ऑफ चाइल्ड अँग्झायटी अँड ओसीडी' हे २०२१ चं पुस्तक इंग्रजीत आहे, सोपं आहे, आणि सांभाळून घेण्याचं गणित ज्याला ठाऊक आहे असा कोणताही चांगला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्यावर काम करू शकतो.

एक सूचना आपल्या मंडळासाठी. पुण्यात १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. ते कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, डॉक्टर नव्हते. पत्नीच्या आजारपणातून या कामात आले. 'देवराई' हा २००४ चा चित्रपट याच कामाशी जोडलेला. तो आजार वेगळा, पण त्यांच्या स्वमदत गटांची रीत आपल्याला घेता येईल: शुभंकर, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारे घरचे लोक, एकत्र बसतात आणि एकमेकांना शिकवतात. आपल्या मंडळाचा हॉल महिन्यातल्या एका रविवारी दुपारी रिकामाच असतो. आठ-दहा पालक आणि एक तज्ज्ञ एवढं पुरे आहे. नावं वहीत लिहायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. फोटो न काढणं आपल्याला जमेल का याची मला थोडी शंका आहे, पण बघू.

आणि ज्यांना रविवारची वाट पाहायला वेळ नाही, त्यांनी पहिल्या भेटीला जाण्याआधी दोन आठवडे वहीत एवढं लिहावं: मूल शांत राहावं म्हणून मी आज काय केलं, किती वेळा, आणि घरात आणखी कोण तेच करतं. आईने वेगळ्या पानावर, बाबांनी वेगळ्या पानावर, एकमेकांचं न बघता. आजी घरात असेल तर तिचं पान तिने सांगावं आणि कुणीतरी लिहून घ्यावं.